खोलीत दुसरी व्यक्ती नसावी

परीक्षेच्या आदल्या रात्री साडेदहाला शाळेच्या ग्रुपवर सूचना येऊन पडली. ‘विद्यार्थ्याने स्वतंत्र खोलीत एकट्याने बसावे. खोलीत दुसरी व्यक्ती नसावी. कॅमेरा सुरू ठेवावा. पाठीमागे कोरी भिंत असावी. घरातून कोणताही आवाज येऊ नये. पालकांनी पाल्यास कोणत्याही प्रकारे मदत करू नये.’ खाली जोडलेले हात आणि एक गुलाबाचं फूल.

गोष्ट 2020 सालची. मार्चमध्ये शाळांना कुलपं लागली होती आणि 15 जूनपासून वर्ग मोबाईलमध्ये भरायला लागले होते. सरकारने ‘शाळा बंद... पण शिक्षण आहे’ अशी अभ्यासमालाही काढली होती. आमचे चिरंजीव तेव्हा सहावीत, शहर तेव्हा औरंगाबाद, आणि घर तेव्हाही हेच, सिडकोतलं. पुढची खोली, मधली खोली आणि स्वयंपाकघर. सिडकोने ही घरं बांधली तेव्हा ‘स्वतंत्र खोली’ म्हणजे ज्या खोलीत फक्त तीन माणसं झोपतात ती, अशी व्याख्या असावी. घरात मी, सौ., मातोश्री, चिरंजीव आणि धाकटी. पोराला एका खोलीत एकटं बसवायचं तर उरलेल्या चौघांनी सकाळी नऊ ते दहा कुठे जायचं, हे सूचनेत नव्हतं. लॉकडाउन असल्यामुळे गच्ची सोडून बाहेर जायला जागा नव्हती, आणि गच्चीवर मातोश्रींचे पापड होते.

कोऱ्या भिंतीचा शोध हे वेगळंच प्रकरण. आमच्या एका भिंतीवर भारताचा नकाशा, दुसरीवर कपाट, तिसरीवर देव आणि चौथीवर किराणा दुकानाने दिलेलं कॅलेंडर, ज्याच्या खाली तीसपर्यंत पाढे छापलेले. सौ. म्हणाली, कॅलेंडरसमोरच बसू दे, पाढे त्याच्या पाठीमागे राहतील, त्याला थोडेच दिसणार? बरोबर होतं. त्याला दिसणार नव्हते. स्क्रीनवरच्या बाकीच्या पन्नास पोरांना मात्र दिसले असते. परीक्षा सुरू होऊन पाच मिनिटं झाल्यावर सगळा वर्ग आमच्या पोराकडे एवढ्या प्रेमाने का बघतोय, हे बाईंच्याही लक्षात आलं नसतं. कॅलेंडर उतरवलं. खालची भिंत दिसली ती एवढी पोपडे आलेली की सौ.ने पुन्हा लावायला लावलं. शेवटी देवांना पडदा केला.

आता आवाज. आमच्या शहरात पाणी रोज येत नाही. किती दिवसांआड येतं हे मी सांगणार नाही, कारण बाहेरगावच्या वाचकाला ती अतिशयोक्ती वाटेल, आणि विनोदी लेखात एकुलती एक खरी गोष्ट अतिशयोक्तीत जमा होणं बरं नाही. पन्नासेक किलोमीटरवर पैठणला अख्खा नाथसागर आहे. त्याच डिसेंबरात 1,680 कोटींच्या पाणी योजनेचं भूमिपूजनही झालं. (चिरंजीव 2025 मध्ये दहावी पास झाले. योजनेचा निकाल तेव्हा राखून ठेवलेला होता.) थोडक्यात, आमच्याकडे नळाला पाणी येणं ही घटना असते, आणि घटना वेळापत्रक बघून घडत नाहीत.

पेपर नऊला सुरू झाला. सगळं शिस्तीत. पन्नास चौकटींत पन्नास डोकी खाली. नऊ वीसला गल्लीतून आरोळी आली, “पाणी आलंऽऽऽ!”

चिरंजीव उठला. विचार करून नव्हे, या शहरात जन्मलेला माणूस जसा उठतो तसा उठला आणि बादली घेऊन चौकटीतून नाहीसा झाला. बाईंचा आवाज आला, “कोण उठलं ते? सगळ्यांनी जागेवर बसा!” तोवर दुसरी चौकट रिकामी झाली, मग तिसरी. आमच्या बाजूची सगळी वसाहत एकाच टाकीवर असणार, कारण दोन मिनिटांत स्क्रीनवर खुर्च्या, उशा आणि एका घरी झोपलेलं मांजर एवढंच उरलं. बाई दोन क्षण गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “एक मिनिट हं मुलांनो,” आणि त्याही गेल्या. माईक बंद करायचा राहिला. बाईंच्या घरची मोटर चालू झाल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

पुढची वीस मिनिटं त्या परीक्षेवर कुणाचंही लक्ष नव्हतं. ना पर्यवेक्षक, ना कॅमेऱ्यात माणूस. गूगल उघडं, गाईड हाताशी. आणि मी खात्रीने सांगतो, त्या वीस मिनिटांत एकाही पोराने कॉपी केली नाही. सगळे टाक्या भरत होते. ऑनलाइन शिक्षणातला सचोटीचा एवढा निर्मळ काळ मी पुन्हा पाहिला नाही.

बाकीच्या वेळी मात्र घरात कॉपी व्हायची, आणि ती पोरं करत नव्हती. याबद्दल मला पोरांची बाजू घ्यावीशी वाटते. आमच्या चिरंजिवाला मार्कांची फारशी हाव नव्हती. दहापैकी सहा आले की त्याचं समाधान व्हायचं, उत्तर शोधायला दुसरी टॅब उघडायची म्हणजे त्याला कष्ट वाटायचे. आळस हा प्रामाणिकपणाचा केवढा मोठा आधार आहे, हे त्याच्याकडे बघून कळायचं. हाव होती ती आम्हाला. कारण निकाल ग्रुपवर यायचा, नावासकट, उतरत्या क्रमाने.

जुन्या काळी मराठवाड्यात दहावी-बारावीचा पेपर म्हणजे पूर्ण गावाचा कार्यक्रम असे. आत पोरगं, बाहेर मामा. मामा पाइपावरून, भिंतीवरून, प्रसंगी लिंबाच्या झाडावरून खिडकीपर्यंत पोहोचायचे आणि चिठ्ठी आत टाकायचे. चिठ्ठी कुणाच्या बाकावर पडायची ते देवाधीन. पुष्कळदा सायन्सची चिठ्ठी भूगोलाला पोहोचायची. त्यासाठी 1982 साली महाराष्ट्राने परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, भरारी पथकं आली, बैठी पथकं आली. पुढे श्रीकर परदेशी नांदेडला कलेक्टर असताना त्यांनी कॉपीमुक्तीचा ‘नांदेड पॅटर्न’ घालून दिला आणि मामांचे दिवस फिरले. पण ऑनलाइन शाळेने मामांचा रोजगारच बुडवला. पाइप नको, भिंत नको, झाड नको. मामाचं काम बापाकडे आलं, आणि बापाला चढावंही लागेना. मी टेबलाखाली बसायचो.

टेबलाखाली बसायची कल्पना सौ.ची. जमिनीपर्यंत लोळणारं टेबलक्लॉथ तिनेच काढून दिलं. वर पोरगं प्रश्न पुटपुटणार, खालून मी उत्तर कुजबुजणार. मी वाळूजच्या एका कंपनीत हिशेब बघतो, बी.कॉम. आहे, सहावीचं विज्ञान ते काय, असा माझा आवेश होता.

“कोळी हा कीटक आहे. चूक की बरोबर?” वरून आवाज.

“बरोबर,” मी.

“बाबा, त्याला आठ पाय असतात. कीटकाला सहा असतात.”

“तू मोजले का? बरोबरवर टिक कर.”

कोळी कीटक नाही. पण दरम्यान मी ते उत्तर गल्लीतल्या पालकांच्या वेगळ्या ग्रुपवर टाकून बसलो होतो. हा ग्रुप ‘भाजीपाला’ या नावाने चालायचा, म्हणजे बायकांना संशय नको. त्यांनी ते पुढे पाठवलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी वर्गात सांगितलं, “बाकी सगळं ठीक, पण कोळी आमच्या वर्गाचा फार लाडका कीटक दिसतो. एकाच गल्लीतल्या सहा जणांनी त्याचे दोन पाय कापलेत.”

रात्री सौ.ने विचारलं, “तुम्हाला बारावीला बायोलॉजी होतं का?”

“कॉमर्सला बायोलॉजी नसतं.”

“मग टेबलाखाली कुठल्या अधिकारात बसलात?”

टेबलाखालचं माझं केंद्र बंद पडलं ते मात्र मातोश्रींमुळे. मातोश्री हे आमचं बैठं पथक. जपमाळ घेऊन त्या लॅपटॉपच्या शेजारी खुर्ची टाकून बसायच्या, कॅमेऱ्यात न येता. लॅपटॉपमध्ये बाई बसलेल्या असताना आपण आत निघून जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. दोनदा त्यांनी बाईंना चहाही विचारला. एका तोंडी परीक्षेत चिरंजीव भराभर उत्तरं देऊ लागला, तेव्हा बाईंना शंका आली. त्यांनी गोड आवाजात विचारलं, “बाळा, तिथे कुणी मदत करतंय का?”

पोरगं गप्प. टेबलाखाली मी श्वास रोखलेला. आणि मातोश्री, ज्यांना कुणी प्रश्न विचारला तर उत्तर न देणं हा माणुसकीचा अपमान वाटतो, त्या पुढे वाकून म्हणाल्या, “हाय की बाई! त्याचा बाप हाय ना टेबलाखाली. सकाळधरनं बसलाय, च्या बी घेतला न्हाई.”

बाईंनी त्यावर जे केलं त्याला मी आजही मनोमन नमस्कार करतो. त्या म्हणाल्या, “आजी, त्यांना चहा द्या. आणि वर यायला सांगा, पाठ धरेल.”

त्या वर्षी नोव्हेंबरात राज्याने व्हॉट्सअॅपवर ‘स्वाध्याय’ नावाचा उपक्रम सुरू केला. ‘नमस्कार’ असा मेसेज पाठवायचा की प्रश्न यायला लागायचे, उत्तर पाठवायचं की लगेच गुण कळायचे. पहिली ते दहावी, घरबसल्या, कुणाचीही देखरेख नाही. योजना गुणी होती. अडचण एवढीच की सहावीतल्या पोराकडे स्वतःचा फोन नसतो, तो बापाकडे असतो, आणि बाप वाळूजला मीटिंगमध्ये असतो. साहेब तिमाही आकडे सांगत असताना मी मांडीवर दशांश अपूर्णांक सोडवत होतो. शेजारचा परचेसवाला दुसरीचं मराठी सोडवत होता. त्याचे गुण माझ्यापेक्षा जास्त येत होते आणि तो ते मला दाखवत होता. साहेबांनी विचारलं, “काय चाललंय तिकडे?” परचेसवाला म्हणाला, “सर, परीक्षा.” साहेबांनी आपला फोन खिशातून काढून टेबलावर उलटा ठेवला. त्यांचा मुलगा चौथीत होता.

गल्लीतला एक पोरगा त्याच सुमारास विद्यापीठाची शेवटच्या वर्षाची ऑनलाइन परीक्षा देऊन मोकळा झाला होता. अनुभवी माणूस म्हणून त्याच्याकडे गेलो. तो बाइकवर रेलून म्हणाला, “इत्ता दिमाग कायको खपाते अंकल? सवाल पे लेन्स मारो, आन्सर आता. पढना-बिढना नक्को.”

“अरे पण मग पोरगं शिकणार काय?”

“आप कायको शिक रहे? पेपर उसका है ना?”

या प्रश्नाला ‘भाजीपाला’ ग्रुपवरही उत्तर मिळालं नाही.

भाची त्या वर्षी दहावीला. एप्रिल 2021 मध्ये परीक्षाच रद्द झाली आणि शंभर गुणांची नवी फोड आली. पन्नास गुण नववीच्या निकालावरून, तीस दहावीच्या अंतर्गत लेखी मूल्यमापनाचे, वीस गृहपाठ, तोंडी आणि प्रात्यक्षिकाचे. आयुष्यभर ‘नववीला कोण विचारतं’ म्हणणाऱ्या आमच्या ताईचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. 16 जुलैला दुपारी एकला निकाल लागला. राज्यात 99.95 टक्के पास. मंडळाचं संकेतस्थळ तेवढ्यात कोसळलं. म्हणजे ज्या परीक्षेला कुणी बसलंच नाही, तिच्या निकालाच्या दिवशी संकेतस्थळ तेवढं नापास झालं. गुलमंडीवर पेढे घ्यायला गेलो तर दुकानदाराने विचारलं, “किती टक्के?” मी अभिमानाने सांगितले. तो म्हणाला, “छान. मला त्या उरलेल्या पाच शतांश टक्क्यांतलं एक लेकरू बघायचंय साहेब. त्याला मी पेढे फुकट देईन.”

मग शाळा उघडल्या आणि आम्ही सगळे पालक एकदम अशिक्षित झालो.

चिरंजीव दहावीला बसला तो फेब्रुवारी 2025 मध्ये, खऱ्या केंद्रावर, खऱ्या बाकावर. त्या वर्षी कॉपीमुक्त अभियान जोरात होतं. केंद्राच्या आसपासची झेरॉक्सची दुकानं पेपरच्या वेळेत बंद, संवेदनशील केंद्रांवर ड्रोनची नजर. आमच्या केंद्रावर ड्रोन आला नाही. बाहेर उभ्या असलेल्या पालकांचा थोडा हिरमोडच झाला. एक गृहस्थ म्हणाले, “आपल्या पोरांकडून कुणाला काही अपेक्षाच नाहीत.” गेटवर मी पोराच्या खांद्यावर हात ठेवला, सगळं नीट लिही म्हणालो. त्याने हॉल तिकीट बघितलं, केंद्राच्या इमारतीकडे बघितलं आणि खालच्या आवाजात विचारलं, “तुम्ही कुठे बसणार?”

तो पास झाला. आपल्या हिमतीवर झाला, हे आमच्या घरात अजून कुणाला पटत नाही. मातोश्री तर रोज टेबलाखाली बघून घेतात.

आता पाळी धाकटीची. ती सातवीत आहे. शाळा शाळेत भरते, पण संध्याकाळी एक ऑनलाइन कार्यक्रम लावला आहे, निबंध आणि गणिताचा. तिच्या पिढीला टेबलाखाली बाप लागत नाही, गूगलसुद्धा लागत नाही. फोनला सांगायचं, निबंध लिहून दे, आणि वाण्याला यादी दिल्यासारखं उभं राहायचं. मागच्या महिन्यात विषय होता ‘माझी आजी’. दोन मिनिटांत निबंध तयार. तो तिने आजीलाच वाचून दाखवला. माझी आजी पहाटे उठून अंगणात सडा घालते. चांदण्या रात्री ती आम्हाला राजाराणीच्या गोष्टी सांगते. तिच्या सुरकुतलेल्या हातांना मायेचा सुगंध आहे. निष्कर्षतः, आजी हे संस्कारांचे विद्यापीठ आहे.

मातोश्रींनी लक्ष देऊन ऐकलं. त्या पहाटे उठत नाहीत, रात्री साडेदहाची मालिका बघून झोपतात. अंगण फरशीचं आहे. गोष्टी त्या सांगतात, पण गॅसवाल्याने सुट्ट्या पैशांवरून कसं फसवलं याच्या. निबंध संपल्यावर त्या बराच वेळ विचारात पडल्या. मग म्हणाल्या, “ही कोन बाई म्हनायची? माझ्यापरीस बरी दिसतीया.”

त्या वर्गातल्या तीस मुलांच्या तीसही आज्या सडा घालत होत्या आणि तीसही ‘निष्कर्षतः’ विद्यापीठ होत्या. कार्यक्रमाच्या संचालकांनी रात्री आठला पालकांची ऑनलाइन सभा बोलावली. विषय, शैक्षणिक सचोटी. पंचेचाळीस मिनिटं ते फार तळमळीने बोलले. मुलांना स्वतःचे शब्द सापडले पाहिजेत, असं म्हणाले. त्यातली वीस मिनिटं कुणाच्या तरी घरचा कुकर ऐकू येत होता. एका बाबांनी चुकून कॅमेरा सुरू ठेवला होता आणि ते बनियनवर गाडीचा इन्शुरन्स भरत होते. शेवटी संचालकांनी एक उपाय जाहीर केला. प्रत्येक पालकाने आज रात्री ग्रुपवर एक हमीपत्र टाकायचं. माझा पाल्य कॉपी करणार नाही, आणि मीही त्याला मदत करणार नाही, अशा आशयाचं. “छापील मसुदा देणार नाही,” ते म्हणाले. “ज्याने त्याने आपापल्या शब्दांत लिहावं.”

दहा मिनिटं ग्रुप शांत होता. सगळे आपापले शब्द शोधत असावेत. मग एका आईने हमीपत्र टाकलं. सुरेख होतं, चार ओळी, मुलाचं पूर्ण नाव, इयत्ता, तुकडी, खाली ‘एक जबाबदार पालक’. त्यानंतर मिनिटाभरात दुसरं आलं. मग तिसरं. मग धबधबा लागला. माझ्या डोळ्यांवर झोप होती, सौ. म्हणाली टाका लवकर, आपलंच राहिलंय. मी बोट दाबून धरलं, कॉपी केलं, पेस्ट केलं, पाठवलं.

सकाळी ग्रुप उघडला तर संचालकांनी रात्री एकला सगळ्यांचे आभार मानलेले. वर एकवीस हमीपत्रं, आणि एकवीसही एकाच मुलाची. नाव बदलायचं कुणालाच सुचलं नव्हतं. एकवीस जबाबदार पालकांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की त्या एका पोराला आम्ही यापुढे कॉपी करू देणार नाही.

खाली त्या मुलाच्या आईचा मेसेज होता, सकाळी सहा दहाचा.

“नमस्कार. माझ्या मुलाबद्दल तुम्ही सगळ्यांनी नक्की काय ऐकलंय?”